बदकांच्या रकान्यातली वानरं

भागिरथाबाईंनी अंगठ्याला शाई लावून घेतली, अंगठा कागदापर्यंत नेला आणि तिथंच अधांतरी धरून ठेवला.

"काय लिहलं हाय रे बापू याच्यात?"

देवमन घाईत होता. सन बहात्तरच्या पशुगणनेचा तो शेवटचा दिवस होता. गावातलं हे शेवटचं घर होतं, आणि शेलूबाजारहून मंगरूळपीरला जाणारी मोटार चार वाजता सुटत होती. दोन कोस चालायचं अजून बाकीच होतं.

"निरंक लिहलं हाय, मावशी."

"म्हंजे काय?"

"म्हंजे काही नाही. तुमच्या घरी गाय नाही, बैल नाही, बकरी नाही, कोंबडी नाही. तुमच्या घरी कोणीच नाही, असं."

हे शेवटचं वाक्य देवमनने गिळायला हवं होतं. भागिरथाबाईंचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक सुनेला घेऊन सुरतेला गेला, तो आता दिवाळीच्या पत्रापुरता उरला होता. आपल्या घरी कोणी नाही हे बाईंना वेगळं सांगायला नको होतं. पण सरकारने ते कागदावर लिहावं आणि वर त्यांचाच अंगठा मागावा, हे काही त्यांना पटेना.

"अन् हे कोण होय मंग?"

त्यांनी शाईचा अंगठा वर केला. छपराच्या कवेलूंवर, पडक्या भिंतीवर आणि कडुनिंबाच्या फांद्यांवर मिळून चौदा काळतोंडी वानरं बसली होती आणि मोठ्या सभ्यपणाने भाकरीची वाट बघत होती. गावातले बाकीचे लोक शनिवारी मारुतीच्या नावाने फुटाणे टाकत. भागिरथाबाईंना मारुतीशी कर्तव्य नव्हतं. भुकेलं दारी आलं तर त्याला द्यावं, एवढाच त्यांचा हिशेब, आणि तो नऊ वर्षं रोज दोन्ही वेळ चालला होता.

"मावशी, ते वानरं होत. सरकार पाळलेले जनावरं मोजते."

"मंग म्या काय करून राह्यली नऊ साल? थो बुढा पाय, थ्याच्या बाजूची लाजरी, तिकडं खुटी, शेपटी तुटेल हाय तिची. रोज भाकर खातेत माह्या हातची. हे पाळणं नाही तं काय होय?"

मंगरूळपीरला प्रगणकांना दोन तासांचं शिक्षण आणि एक चहा मिळाला होता, त्यात वानरांचा विषय निघाला नव्हता.

"निरंकवर म्या अंगठा देत नाही," बाई म्हणाल्या, आणि अंगठा लुगड्याला पुसायला निघाल्या.

देवमन कळवळला. बौद्धवाड्यातला तो पहिला मॅट्रिक. तीन महिन्यांच्या हुकमावर कचेरीत लागला होता. एकही शंका न निघता गणना पार पडली, तर नाव कायम करण्यासाठी वर पाठवतो, असं हेडक्लार्क पंजाबरावांनी त्याला कबूल केलं होतं. एक अंगठा राहिला की गाव अपुरं, आणि गाव अपुरं राहिलं की देवमन घरी. त्याने रकान्यांवरून नजर फिरवली. शेळ्यांत चौदा वाढवले तर उद्या कोणीतरी शेळ्या बघायला येणार. गाढवांत लिहिणं बाईंना आवडलं नसतं. सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, एक रकाना होता: बदके. गावात बदक नव्हतं. तालुक्यात कोणाकडे असल्याचं ऐकिवात नव्हतं. देवमनने स्वतः बदक फक्त बालवर्गाच्या पुस्तकात पाहिलं होतं. जे कोणाकडेच नाही ते मोजायला कोण येणार, असा विचार त्याने केला. विचारात तसं काही चुकीचं नव्हतं.

त्याने तिथं सुबक अक्षरात १४ लिहिलं.

"लिहले, मावशी. चौदा."

"अस्सं," म्हणून बाईंनी अंगठा असा दाबला, की शाई मागच्या पानावर उतरली.

महिनाभर काही झालं नाही. मग अकोल्याच्या जिल्हा कचेरीत एका कारकुनासमोर गोषवारा आला. त्यात प्रत्येक जनावराची मागच्या गणनेपासून शेकडा किती वाढ झाली, ते काढायचं होतं. मंगरूळपीर तालुक्यात बदके मागच्या खेपेला शून्य, या खेपेला चौदा. कारकुनाने चौदाला शून्याने भागायला घेतलं. सकाळी घेतलं, ते संध्याकाळपर्यंत भागून झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ते गणित साहेबांकडे नेलं. साहेबांनीही पेन्सिल घेऊन थोडा वेळ प्रयत्न केला आणि शेवटी तालुक्याला पत्र लिहिलं: 'आपल्या तालुक्यात बदकांमध्ये झालेल्या असाधारण वाढीचे कारण आठ दिवसांत कळवावे. निम्नस्वाक्षरीकार येत्या मंगळवारी समक्ष पाहणीस येत आहेत.'

पंजाबरावांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि देवमनला बोलावलं.

"काय गा देवमन, हे भागिरथाबाई बदकं कवापासून पाळून राह्यली?"

देवमनला खोटं बोलता येत नव्हतं. त्याने जसं झालं तसं सांगितलं. पंजाबराव ऐकता ऐकता खुर्चीत खाली खाली घसरत गेले.

"वानरं? बदकाच्या खान्यात?"

"तोच एक रिकामा होता साहेब."

"अरे, रिकामा दिसला म्हून काय कोणाले बी बसवतं काय त्याच्यात? मोटार हाय काय ते?" मग आवाज उतरवून ते म्हणाले, "हे पाय, तुह्या कायमच्या कागदावर मी कालच सही केली. साहेबाले हे समजलं तं तुह्या कागदासंगं माह्या पेन्शनीचा बी कागद फाडतीन ते. कोरा तक्ता घे, निरंक लिह्य अन् बाईचा अंगठा आण. जुना कागद मी उंदरानं खाल्ला म्हून दाखवतो."

देवमन त्याच दिवशी कोरा तक्ता घेऊन गेला. भागिरथाबाईंनी त्याला पाटावर बसवलं, भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली, आणि त्याचं पोटभर झाल्यावर सांगितलं, "तुह्यासाठी जीव देईन बापू, पण निरंकवर अंगठा देणार नाही."

"मंग आता एकच रस्ता हाय," दुसऱ्या दिवशी पंजाबराव म्हणाले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शिकलेली सगळी विद्या त्यांच्या चेहऱ्यावर गोळा झाली होती. "चूक झाली असं कबूल करायचं नाही. मुद्द्याचा खुलासा करायचा. वानर अन् बदक, दोन्हीचा तुलनात्मक तक्ता. साम्य काय, भेद काय. तीन प्रतीत. कागद भरगच्च असला का साहेब लोकं अर्ध्यातच सही करतेत."

"पण साहेब, म्या बदक पाह्यलंच नाही."

"मंग पाय ना! शासकीय काम हाय हे."

बदक शोधायला देवमनला दोन दिवस लागले. शेवटी पत्ता लागला तो तांड्यावरच्या हेमसिंगकडे. तळ्याच्या काठी पंख दुखावलेलं एक बदक त्याला सापडलं होतं आणि हळद लावून, जोंधळे चारून त्याने ते टोपलीखाली जगवलं होतं.

"जात कोणती होय याची?" देवमनने वही उघडून विचारलं. तक्त्यात जात लिहायची होती.

"हळदी-कुंकू म्हणतेत याले," हेमसिंग म्हणाला. "चोच पाय ना."

देवमनने वाकून पाहिलं. काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं होतं आणि चोचीच्या मुळाशी, कपाळाला लागून, दोन्हीकडे लाल ठिपका होता.

"आठ रोज देतं काय, हेमसिंगभाऊ?"

"ने. पण कापजो नको. अन् पाणी दे बसायले, नाही तं चिल्लावते."

देवमन टोपली डोक्यावर घेऊन भागिरथाबाईंच्या आंगणात आला. बाईंनी टोपली उचलली, बदकाकडे पाहिलं, बदकाने बाईंकडे पाहिलं.

"अवं माय! हळद-कुंकू लावून आली हे तं," बाई हसल्या. "आपुन सगळ्यायनं दीक्षा घेतली तवा सोडलं छप्पनात, हिनं काही सोडलं नाही वाटते."

मग तुलना सुरू झाली. देवमन तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आंगणात बसला. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, मध्ये दोन कार्बन. एका बाजूला भिंतीवर वानरं, दुसऱ्या बाजूला पाणी भरलेल्या परातीत बदक. मधे भागिरथाबाई भाकरीचे तुकडे करत बसायच्या आणि देवमनचं कुठं चुकतंय ते सांगायच्या.

"पाय. वानर चार, बदक दोन," देवमन पुटपुटत लिही.

"वानराले पाय दोन अन् हात दोन. नीट लिह्य. हातानं घेऊन खाते ना ते."

"शेपूट. वानर, लांब. बदक, नावापुरते."

"खुटीचं काय मंग?"

"अपवाद, एक," देवमनने लिहिलं.

"अन्न?" त्याने पुढे विचारलं.

"दोघाय बी भाकर. पण वानर कोरडी खाते, हे बाई पाण्यात बुडवून खाते. दात नाही ना तिले. माह्यासारखी."

देवमनने साम्याच्या बाजूला 'भाकर' लिहिलं. साम्याच्या बाजूला तीन दिवसांत हा एकच मुद्दा मिळाला होता, म्हणून तो त्याने जरा मोठ्या अक्षरात लिहिला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घोटाळा झाला. लाजरीचं पिल्लू भिंतीवरून उतरलं आणि परातीजवळ येऊन बसलं. त्याला चोचीवरचा लाल ठिपका बघायचा असावा. त्याने बोट पुढे केलं. बदकाने ते बोट सौम्यपणे चोचीत धरलं. पिल्लू किंचाळलं, लाजरी किंचाळली, बुढा धावून आला. तेव्हा बदकाने पिल्लाचं बोट सोडलं, पंख पसरले, मान खाली घातली आणि फिसकारत थेट बुढ्यावर चाल केली. बुढ्याने वाड्यातल्या कुत्र्यांना पळवलं होतं, पोळ्याच्या बैलांना पळवलं होतं. पण पाण्यातून निघून दोन पायांवर अंगावर येणारं असलं काही त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तो एका उडीत कवेलूंवर गेला, दुसऱ्या उडीत कडुनिंबावर, आणि चौदाच्या चौदा वानरं गावाबाहेरच्या आमराईकडे निघून गेली. सहा कवेलू तेवढे फुटले.

"येतीन सकाळी," देवमन म्हणाला.

सकाळी ती आली नाहीत. संध्याकाळीही आली नाहीत. भागिरथाबाईंनी दोन्ही वेळच्या भाकरी केल्या, तुकडे करून भिंतीवर ठेवले, आणि ते तसेच वाळले. बदकाच्या परातीत मात्र बाईंनी रोजच्यासारखी भाकर टाकली. हेच देवमनला जास्त लागलं.

कचेरीत ही बातमी ऐकून पंजाबराव मात्र उभेच राहिले.

"अरे मंग फत्ते झालं! गेले ना वानरं? आता घरात खरंच कोणी नाही. निरंक म्हंजे एकदम खरं निरंक. आज सोमवार, उद्या साहेब येते. जाय, अंगठा घेऊन ये, अन् हो कायम!"

देवमन गेला. जाताना रस्ताभर तो स्वतःला समजावत होता, की यात वाईट काही नाही, खरं तेच लिहायचं आहे. भागिरथाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. समोर वाळलेले तुकडे होते. देवमनच्या हातातला कागद त्यांनी पाहिला आणि न विचारताच ओळखला.

"दे," त्या म्हणाल्या. "कोठं लावू अंगठा? आता तं खरंच होय ते."

त्यांनी हात पुढे केला. देवमनने शाईची डबी उघडली. मग त्याने बाईंच्या त्या पुढे आलेल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि त्याला फार वाईट वाटलं. या बाईने तीन दिवस त्याला विचारल्याशिवाय भाकर वाढली होती, आणि तो तिच्याकडून कोणी नसल्याची पावती घ्यायला आला होता. त्याने डबी मिटली, कागदाची चौघडी केली आणि खिशात घातली.

"राहू द्या, मावशी."

"अन् तुही नोकरी?"

"पाहू. नाही तं हाय आपला सवंगणीचा विळा."

"मंग बस," बाई म्हणाल्या. "दोन भाकरी हायत. बदकाले बी अर्धी दे."

मंगळवारी अकोल्याचे साहेब जीपमधून आले. बरोबर पंजाबराव होते, आणि त्यांचा चेहरा तापातून उठल्यासारखा झाला होता. साहेब मूळचे पुण्याकडचे, टापटिपीचे, पायात मोजे. ते आंगणात शिरले आणि दारातच थबकले.

भिंतीवर वानरं बसली होती. भूक लागल्यावर माणूस काय आणि वानर काय, मान घरी ठेवूनच येतं. पहाटे एकेक करून चौदाच्या चौदा परत आली होती. फक्त आता ती परातीपासून पाच हात सोडून बसली होती, आणि बुढा दर दोन मिनिटांनी बदकाकडे बघून घेत होता. भागिरथाबाईंचा चेहरा इतका फुलला होता, की त्यांना साहेबाची भीती वाटायची राहून गेली.

"बदकं कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

देवमन पुढे झाला आणि त्याने तुलनात्मक तक्ता साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो वाचायला घेतला. अर्ध्यातच सही करतील, हा पंजाबरावांचा अंदाज साफ चुकला. साहेबांनी शेवटपर्यंत वाचलं.

"'पोहणे. बदक, उत्तम. वानर, प्रयत्न केला नाही.'" साहेब मोठ्याने वाचू लागले. "'अंडी. बदक, तीन दिवसांत एक. वानर, तीन दिवसांत निरंक. स्वभाव. बदक, तापट. वानर, भित्रे.' हे तू स्वतः पाहून लिहिलंस?"

"हो साहेब. उलटं असंल वाटलं होतं, पण तसंच निंघालं."

साहेबांच्या मिशा हलल्या. त्यांनी पंजाबरावांकडून मूळ तक्ता मागवला, बदकांच्या रकान्यातले १४ पाहिले, आणि मग तो कागद उलटा केला.

"आणि हे काय आहे?"

मागच्या पानावर, भागिरथाबाईंच्या अंगठ्याची शाई उतरली होती तिच्या शेजारीच, एक भला मोठा रिकामा चौकोन होता. वर छापलं होतं: शेरा.

"इथं लिहायचं असतं असलं सगळं," साहेब म्हणाले. "वानर, मोर, काय वाटेल ते. शेरा कोणी वाचत नाही, म्हणून तिथं खरं लिहिता येतं. तू कागद उलटून पाहिला नाहीस?"

देवमनने पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबरावांनी कडुनिंबाकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांनीही तो कागद कधी उलटला नव्हता.

साहेबांनी कोरा तक्ता घेतला आणि खाटेवर बसून स्वतः भरला. "बदके, एक. हे तर डोळ्यांसमोर आहे. शेरा: वानरे चौदा. झाले पंधरा. आजी, आता द्या अंगठा."

भागिरथाबाईंनी अंगठ्याला शाई लावली, अंगठा कागदापर्यंत नेला आणि तिथंच थांबवला. पंजाबरावांनी डोळे मिटून घेतले.

"किती म्हणले?"

"पंधरा."

"सोळा होतेत."

"सोळावं कोण?"

बाईंनी शाईच्या अंगठ्याने देवमनकडे दाखवलं. "हा काय! चार दिस झाले, माह्याच घरी भाकर खाऊन राह्यला. याले काहून सोडलं?"

साहेबांनी त्यांना समजावलं नाही. त्या अंगठ्याचा स्वभाव एव्हाना त्यांना समजला होता. त्यांनी वानरांच्या पुढे लिहिलं: 'इतर, एक.' अंगठा उमटला. बदक राहू दे म्हणून बाईंनी हेमसिंगला निरोप धाडला, आणि साहेबांनी निघताना भाकरीचा एक तुकडा मागून घेऊन बुढ्याला दिला.

देवमनच्या हुकमाची मुदत सरत आली, तरी अकोल्याहून काही कळेना. तेवढ्यात पुण्याच्या कचेरीतून पत्र आलं. पुण्यात कोणीतरी एक जण शेरा वाचत होता. त्याने विचारलं होतं: 'शेऱ्यात नमूद केलेले इतर, एक, हे दुभते, ओढकामाचे की निकामी, याचा खुलासा व्हावा.'

पंजाबरावांनी पत्र वाचलं. समोर देवमन तीन वर्षांच्या तुंबलेल्या टपालाचा ढीग एकट्याने लावत बसला होता. त्यांनी टाक उचलला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कोणाला न विचारता उत्तर लिहिलं: 'ओढकामाचे. कचेरीस उपयुक्त. कायम ठेवण्याची शिफारस आहे.' आणि खाली त्यांनी देवमनला कायम करण्याच्या जुन्या कागदाची नक्कल जोडून दिली.

पंधरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: 'शिफारस मंजूर. इतर, एक, कायम.'

देवमन तो कागद घेऊन शेलूबाजारपर्यंत मोटारीने आणि तिथून दोन कोस पळतच गेला. भागिरथाबाई परातीतलं पाणी बदलत होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मागचं पानही पाहिलं.

"याच्यात तुह्यं नाव कोठं हाय रे?"

"नाव नाही, मावशी. 'इतर, एक' एवढंच लिहलं हाय."

"असू दे," बाई म्हणाल्या. "निरंक तं नाही ना लिहलं?"